गणिताचा की भौतिकशास्त्राचा: ऐच्छिक विषय निवडण्याविषयी

नवे सत्र सुरू होण्याच्या सुमारास भौतिकशास्त्र मुख्य विषय असलेले आणि गणित मुख्य विषय असलेले, असे दोन्हीकडचे विद्यार्थी माझ्याकडे जवळजवळ सारखाच प्रश्न घेऊन येतात. ऐच्छिक विषयासाठी चार श्रेयांकांची एक जागा मोकळी आहे. तिथे गणित विभागाचा रिअल ॲनालिसिस (सीमा, सातत्य, अनंत श्रेणी यांचे सिद्धतांसह गणित) किंवा रेषीय बीजगणिताचा पुढचा अभ्यासक्रम घ्यावा, की भौतिकशास्त्र विभागाचा क्वांटम मेकॅनिक्स, स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स किंवा सॉलिड स्टेट फिजिक्सचा घ्यावा? मी गोव्यातल्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून माझे उत्तर आधीच ठरलेले असेल असे काही जण गृहीत धरतात. ते तसे नाही. उत्तर विद्यार्थ्यागणिक बदलते. मात्र ते ज्या कसोटीवर काढावे, ती कसोटी माझ्या मनात पक्की झाली आहे.

ती कसोटी अशी: जे पुढे एकट्याने पुस्तक उघडून शिकता येणार नाही, ते आता, शिक्षक आणि सहाध्यायी समोर असताना शिकून घ्यावे. एका श्रेयांकाला पंधरा तासांचे अध्यापन धरले, तर चार श्रेयांक म्हणजे साठ तास होतात. साठ तासांत कोणताही विषय पुरा होत नाही, परंतु विचार करण्याची एक सवय लागू शकते, आणि काही सवयी कोणीतरी आपले काम तपासल्याशिवाय लागत नाहीत. ‘कोणता विषय जास्त उपयोगी?’ हा प्रश्न मला म्हणूनच दुय्यम वाटतो. उपयोग दोन्हींचा आहे, आणि उपयोगापुरते ज्ञान माणूस गरज पडली की मिळवतोच.

दोन विभागांच्या वर्गांत नेमका काय फरक असतो, हे पाहण्यासाठी दोन्हीकडे शिकवले जाणारे एकच समीकरण घेऊ. उष्णतेच्या वहनाचे समीकरण भौतिकशास्त्राच्या वर्गात येते, तेव्हा आपण चले वेगळी करतो, धातूच्या दांड्याच्या दोन टोकांच्या अटी घालतो, साइन आणि कोसाइन फलनांची अनंत श्रेणी लिहितो, तिचे गुणक काढतो आणि दांडा कसा थंड होतो ते सांगून मोकळे होतो. गणिताच्या वर्गात त्याच श्रेणीपाशी थांबून विचारले जाते, की ही अनंत बेरीज मुळात कशाकडे जाते का, गेली तर प्रत्येक बिंदूपाशी जाते की सरासरीच्या अर्थाने, आणि तिचे पद-पद घेऊन अवकलन करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे प्रश्न पुष्कळदा निव्वळ काटेकोरपणापोटी आलेले वाटतात. इतिहास वेगळे सांगतो. फूरिये याने आपला उष्णतेवरचा निबंध 1807 मध्ये पॅरिसमध्ये सादर केला, तेव्हा लाग्रांजसारख्या श्रेष्ठ गणितीने याच श्रेणींवर आक्षेप घेतला. फूरियेचे काम 1822 मध्ये ग्रंथरूपाने आले, आणि कोणत्या अटींखाली अशी श्रेणी खरोखर अभिसारी असते, म्हणजे तिची बेरीज ठरावीक मूल्याकडे जाते, याची पहिली समाधानकारक सिद्धता डिरिक्ले याने 1829 मध्ये दिली. पुढे 1870 च्या दशकात कँटर त्रिकोणमितीय श्रेणींच्या एकमेवतेचा विचार करीत होता, आणि त्या विचारातूनच तो अनंत संचांच्या सिद्धांताकडे वळला. थंड होणाऱ्या दांड्यापासून संच सिद्धांतापर्यंतची ही वाट ज्याला दिसली, तो गणिताच्या त्या प्रश्नांना कंटाळणार नाही.

हा प्रश्न संगणकाच्या पडद्यावरही दिसतो. चौकोनी तरंगाची फूरिये श्रेणी काढून तिची पहिली दहा पदे, मग शंभर, मग हजार पदे घेऊन आलेख काढावा. तरंग जिथे एकदम उडी घेतो, तिथे आलेखाला एक टोक फुटते. पदे वाढवली की ते टोक अरुंद होत जाते, परंतु त्याची उंची कमी होत नाही. ती उडीच्या सुमारे 9 टक्क्यांवर स्थिर राहते. प्रत्येक बिंदूपाशी होणारे अभिसरण आणि एकसमान, म्हणजे सर्व बिंदूंपाशी एकदमच होणारे, अभिसरण यांतला फरक विद्यार्थ्यांना पाठ असतो, पण हा आलेख स्वतः काढला की तो कशासाठी आहे हे कळते. भौतिकशास्त्राच्या ज्या विद्यार्थ्याला पुढे संदेश-प्रक्रियेत किंवा प्रतिमा-प्रक्रियेत काम करायचे असेल, त्याने ॲनालिसिसचा अभ्यासक्रम घ्यावा असे मी म्हणते, त्यामागे हे एक कारण आहे.

गोव्यातल्या विद्यार्थ्यांना मी याहून जवळचे एक उदाहरण देते, आणि ते म्हणजे मांडवीतली भरती. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची, भरती असते आणि एकाच दिवसातल्या दोन भरत्यांची उंची सारखी नसते, हे नदीकाठच्या माणसाला शाळेत न जाताही ठाऊक असते. पाण्याच्या पातळीची दर तासाची नोंद घेतली, तर तिच्यात ठरावीक आवर्तकालांचे घटक मिसळलेले सापडतात. चंद्रामुळे येणारा मुख्य घटक 12.42 तासांचा आहे आणि सूर्यामुळे येणारा 12 तासांचा. हे दोन एकमेकांशी जुळतात तेव्हा उधाण आणि विरुद्ध जातात तेव्हा भांग, आणि दोन उधाणांमधले अंतर त्यांच्या वारंवारतांच्या फरकावरून 14.77 दिवस येते. दिवसातून एकदाच येणारे 23.93 आणि 25.82 तासांचे घटकही गोव्याच्या किनाऱ्यावर पुरेसे ठळक आहेत, म्हणून दोन भरत्या असमान होतात. अशा घटकांची बेरीज करून भरतीचे भाकीत करण्याची यंत्रे 1870 च्या दशकात केल्व्हिनच्या पुढाकाराने तयार झाली, आणि आज तेच काम संगणक करतो.

या एका विषयात दोन्ही विभागांना भरपूर काम आहे, पण ते काम वेगळे आहे. गणिताकडे कल असलेला विद्यार्थी विचारील, की नोंदींमधून प्रत्येक घटकाचा आयाम (उंची) आणि कला (तो केव्हा शिखरावर असतो) काढण्याची सर्वोत्तम रीत कोणती, आणि दोन घटक वेगवेगळे ओळखता येण्यासाठी किती काळाची नोंद हवी. त्याचे उत्तर सुंदर आहे: निरीक्षणाचा काळ निदान त्या दोन वारंवारतांच्या फरकाच्या व्यस्ताइतका हवा. चंद्राचा आणि सूर्याचा मुख्य घटक वेगळे करायला पंधरवडा पुरतो. मात्र सूर्याचा 12 तासांचा घटक आणि त्याला अगदी खेटून असलेला 11.97 तासांचा घटक वेगळे करायला सुमारे अर्धे वर्ष मोजत बसावे लागते. उपकरण कितीही सूक्ष्म असले तरी ही अट सहजी टळत नाही.

भौतिकशास्त्राकडे कल असलेला विद्यार्थी वेगळेच विचारील. उधाणाच्या वेळी आपल्या किनाऱ्यावर पाणी साधारण दोन मीटर चढ-उतार करते, आणि मांडवीत ही भरती मुखापासून सुमारे 50 किलोमीटर आतपर्यंत जाणवते. नदीच्या तळाशी आणि काठांशी होणाऱ्या घर्षणाने लाटेची ऊर्जा खर्च होत असते, तर मग भरतीची उंची आत जाता जाता लवकरच मावळायला हवी होती. ती बऱ्याच अंतरापर्यंत जवळपास तशीच राहते. कारण नदी आत निमुळती होत जाते. पात्र अरुंद झाल्याने पाणी उंच चढू पाहते आणि घर्षण ते खाली ओढते, आणि बराच काळ या दोहोंचा तोल साधला जातो. शिवाय कुंभारजुव्याचा कालवा मांडवीला जुवारीशी जोडतो, त्यामुळे दोन नद्यांचा विचार एकत्र करावा लागतो. हा तोल कोणत्याही सांख्यिकीय विश्लेषणातून आपोआप हाती येत नाही. त्यासाठी द्रायूंच्या, म्हणजे वाहणाऱ्या पदार्थांच्या, गतीचे समीकरण समोर ठेवून त्यातले कोणते पद मोठे, कोणते लहान, आणि कोणते सोडून दिले तरी चालेल, हे ठरवावे लागते. 1966 मध्ये स्थापन झालेल्या आणि दोनापावला येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत या दोन्ही प्रकारच्या माणसांची गरज असते. आपल्या मुलांना पणजीच्या बसमधून उतरून तिथपर्यंत जाता येते, हे भाग्य आपण फार कमी वेळा ओळखतो.

याच ठिकाणी दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. 1907 मध्ये गोव्यातल्या कोसबे येथे जन्मलेल्या या माणसाला मराठी वाचक इतिहासकार म्हणून ओळखतो, परंतु त्यांचा पेशा गणिताचा होता. हार्वर्डमधून शिकून आल्यावर त्यांनी बनारस, अलीगढ, पुणे येथे आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केले. 1943 मध्ये, पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात असताना, त्यांनी यादृच्छिक फलनांच्या विस्तारावर एक निबंध प्रसिद्ध केला. फूरिये पद्धतीत साइन-कोसाइन आधीच ठरलेले असतात; कोसंबींच्या विस्तारात माहितीतूनच तिला सर्वांत योग्य अशी मूळ फलने निवडली जातात, आणि त्यांचे गुणक एकमेकांशी असहसंबंधित असतात. कारहुनेन आणि लोएव्ह यांनी पुढच्या काही वर्षांत तोच निष्कर्ष स्वतंत्रपणे मांडला, आणि जगभर तो प्रामुख्याने त्या दोघांच्या नावाने शिकवला गेला. अलीकडे कोसंबींचे नावही त्यात जोडले जाते. समुद्राचे तापमान, पाण्याची पातळी, मान्सूनचा पाऊस यांच्या मोठ्या नोंदी तपासताना याच कल्पनेचे रूप हवामानशास्त्रज्ञ आणि समुद्रशास्त्रज्ञ नेहमी वापरतात.

आपल्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. कोसंबींचा हा विस्तार समजून घ्यायचा तर आयगेनसदिश म्हणजे काय हे रेषीय बीजगणितातून, अनंत मितींमध्ये त्याचे काय होते हे ॲनालिसिसमधून आणि सहसंबंध म्हणजे काय हे संभाव्यतेतून यावे लागते. आणि तो वापरायचा तर वेगळी दक्षता लागते: गणिताने निवडून दिलेला पहिला घटक ही निसर्गातली एखादी स्वतंत्र प्रक्रिया असेलच असे नाही. तो आकृतिबंध खरोखर वाऱ्यामुळे आहे, प्रवाहामुळे आहे, की केवळ आपण निवडलेल्या चौकोनी क्षेत्राच्या आकारामुळे उमटला आहे, हे सांगणारे गणित त्या प्रमेयात नाही. प्रमेय येते पण ही शंका येत नाही अशी मुले मी पाहिली आहेत, आणि शंका येते पण प्रमेयाची अट वाचत नाहीत अशीही पाहिली आहेत. कोणत्या बाजूची उणीव आपल्यात आहे हे विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे ओळखले, तर ऐच्छिक विषयाची निवड निम्मी होऊन जाते.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मी सर्वांत आग्रहाने सुचवते ते रेषीय बीजगणित, आणि तेही सिद्धतांसह शिकवले जाणारे. क्वांटम मेकॅनिक्सच्या आधी किंवा निदान बरोबरीने हा अभ्यासक्रम व्हावा. हायझेनबर्गने 1925 मध्ये आपली नवी यामिकी (मेकॅनिक्स) मांडली तेव्हा आपण करत असलेला विचित्र गुणाकार हा मॅट्रिक्सचा गुणाकार आहे हे त्याला माहीत नव्हते. ते मॅक्स बॉर्नने ओळखले. आज आपण पहिल्याच आठवड्यात लिहितो, की स्थान आणि संवेग यांच्या कारकांचे एक्स-पी वजा पी-एक्स हे मूल्य आय-एच-बार गुणिले एकक मॅट्रिक्स इतके असते. रेषीय बीजगणित शिकलेली मुलगी इथे हात वर करते. दोन मर्यादित मॅट्रिक्सचा गुणाकार कोणत्याही क्रमाने केला तरी कर्णावरील घटकांची बेरीज, म्हणजे ट्रेस, सारखाच येतो; म्हणून डाव्या बाजूचा ट्रेस शून्य आहे. उजव्या बाजूचा ट्रेस शून्य नाही. तेव्हा कितीही मोठे, परंतु मर्यादित आकाराचे मॅट्रिक्स घेतले तरी हे समीकरण पाळले जाणे अशक्य आहे. एका ओळीच्या या युक्तिवादातून क्वांटम मेकॅनिक्सला अनंत मितींचा अवकाश का लागतो, हे सिद्ध होते, आणि अनंत मितींत गेल्यावर मॅट्रिक्सच्या नियमांवर डोळे झाकून विसंबता येत नाही हेही लक्षात येते. फॉन नॉयमनने 1932 पर्यंत या सगळ्याचा पाया व्यवस्थित घातला. पदवीच्या विद्यार्थ्याने तो सगळा वाचावा अशी अपेक्षा नाही. तथापि आपल्या वहीतले समीकरण कोणत्या जगात खरे आहे, हे विचारण्याची सवय त्याला असावी.

आता एकट्याने काय शिकता येत नाही, याकडे येते. अवकल समीकरणे सोडवण्याच्या रीती, विशेष फलने, लाप्लास रूपांतर, टेन्सरची चिन्हपद्धती या गोष्टी चांगल्या पुस्तकातून किंवा एनपीटीईएलच्या (आयआयटींच्या ऑनलाइन) व्याख्यानांवरून, भरपूर उदाहरणे सोडवून, एकट्यालाही येतात. उत्तर बरोबर आहे की चूक, हे पुस्तकाच्या शेवटी पडताळता येते. सिद्धतेचे तसे नाही. चूक असलेली सिद्धता लिहिणाऱ्याला बरोबरच दिसते. सातत्य आणि एकसमान सातत्य यांच्या व्याख्यांत फरक आहे तो शब्दांच्या क्रमाचा: आधी बिंदू निवडला आणि मग डेल्टा (त्या बिंदूपासून किती अंतरापर्यंत चालेल ते), की आधी डेल्टा आणि मग सर्व बिंदू. विद्यार्थी दोन्ही व्याख्या इंग्रजीत न चुकता लिहितो आणि लगेच पुढच्या ओळीत त्यांची सरमिसळ करतो. मी अशा वेळी वही मिटायला लावते आणि तोच युक्तिवाद मराठीत किंवा कोंकणीत तोंडी सांगायला सांगते. बहुतेक वेळा तो कुठे अडखळतो तिथेच पोकळ जागा असते. लाल शाईने ‘हे कशावरून?’ असे कोणीतरी समासात लिहिणे, आणि ते पुन्हापुन्हा लिहिणे, हाच ॲनालिसिसच्या अभ्यासक्रमाचा गाभा आहे. तो नोकरी लागल्यावर रात्री बसून पुस्तकातून मिळत नाही.

भौतिकशास्त्राच्या बाजूला तीच जागा प्रयोगशाळेची आहे. गणिताच्या विद्यार्थ्यांनी भौतिकशास्त्राचा ऐच्छिक विषय घेताना प्रात्यक्षिक असलेला घ्यावा, असे मी म्हणते, तेव्हा ते थोडे नाराज होतात, कारण त्यांना सापेक्षतावाद किंवा क्वांटम मेकॅनिक्स ऐकायचे असते. तरीही साध्या दोलकाचा प्रयोग घ्या. गोव्याच्या अक्षांशावर समुद्रसपाटीला गुरुत्वत्वरण सुमारे 9.784 मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, पाठ्यपुस्तकातल्या 9.807 या प्रमाण मूल्यापेक्षा ते जेमतेम 0.23 टक्क्यांनी कमी. हा फरक साध्या धाग्याने आणि गोळ्याने मोजता येईल का? येईल, पण आवर्तकाल हजारात एक भागापर्यंत अचूक हवा. आणि इथे दोलकाचे सूत्र स्वतःच आडवे येते, कारण ते लहान कोनांपुरतेच खरे आहे. गोळा 20 अंशांनी ओढून सोडला तर आवर्तकाल सुमारे 0.77 टक्क्यांनी वाढतो आणि गुरुत्वत्वरण 9.64 च्या आसपास निघते; म्हणजे जो फरक शोधायचा, त्याच्या कितीतरी पट मोठी चूक आपण हाताने पेरलेली असते. कोन 5 अंशांवर आणला की ती वाढ 0.05 टक्क्यांवर येते. कोणती चूक किती मोठी, हे आधी कागदावर अजमावून मग हात लावायचा, ही शिस्त प्रत्यक्ष मोजताना, शेजारच्या गटाचे उत्तर वेगळे आल्यावर, वाद घालतानाच अंगी मुरते. योगायोग असा, की मोठ्या कोनांसाठीचे अचूक सूत्र एलिप्टिक इंटिग्रलमध्ये असते, आणि तिथे गणिताच्या विद्यार्थ्याला आपल्या घरी आल्यासारखे वाटते.

काही अभ्यासक्रम असे आहेत की ते कोणत्या विभागाचे, हे सांगणे कठीण जावे. सामान्य सापेक्षतावाद हा त्यांतला पहिला. आइन्स्टाइनला रीमानच्या 1854 च्या भूमितीपर्यंत नेण्यात त्याच्या ग्रोसमान या गणिती मित्राचा मोठा हात होता. भारतात तर सापेक्षतावादाचे संशोधन दीर्घ काळ गणित विभागांतच वाढले: कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर बनारसच्या गणित विभागात होते, त्यांच्या मार्गदर्शनाखाली प्र. चु. वैद्य यांनी 1943 मध्ये प्रारण बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याच्या गुरुत्वक्षेत्राचे उत्तर शोधले, आणि जयंत नारळीकर केंब्रिजला गेले ते गणिताच्या परीक्षेसाठी. अशा विषयात विभागाचे नाव पाहू नये, शिकवणाऱ्या व्यक्तीचा कल पाहावा. डिफरन्शियल जॉमेट्री वक्र आणि पृष्ठभागांपासून, चित्रे काढत, हळूहळू शिकवली जाणार असेल, तर तोच सापेक्षतावादाचा उत्तम पाया आहे. संभाव्यता आणि स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स यांच्या जोडीविषयीही मी हेच म्हणेन.

व्यवहाराच्या बाबी थोडक्यात. नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा गोव्यातल्या महाविद्यालयांत 2023-24 पासून लागू झाला, आणि त्यात तीन वर्षांच्या पदवीला 120 व चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला 160 श्रेयांक आहेत. मुख्य विषयाबरोबर मायनर (दुय्यम विषय) घेता येतो, म्हणजे सुटा एखादा ऐच्छिक विषय घेण्यापेक्षा सलग काही सत्रे दुसऱ्या विभागात बसण्याची सोय आहे, आणि शक्य असेल तर मी तीच वापरायला सांगते. एम.एस्सी. प्रवेशाच्या आयआयटी जॅम या परीक्षेच्या भौतिकशास्त्राच्या अभ्यासक्रमात गणिती पद्धती हा घटक आहे, संशोधनवृत्ती व अध्यापनासाठीच्या सीएसआयआर नेट या परीक्षेच्या भौतिक विज्ञानाच्या अभ्यासक्रमातही आहे. गणिताच्या बाजूने मात्र, नेटमधली अभिजात यामिकी सोडली, तर भौतिकशास्त्र फारसे विचारले जात नाही. पण परीक्षेपुरत्या गणिती पद्धती एकट्याने येणाऱ्या गोष्टींपैकी आहेत, म्हणून केवळ त्यासाठी ऐच्छिक विषय खर्च करू नये. ज्याला पुढे दुसऱ्या शाखेत एम.एस्सी. करायचे आहे, त्याने मात्र जिथे प्रवेश घ्यायचा तिथली त्या विषयातल्या किमान श्रेयांकांची अट आताच वाचावी. तशी अट असेल तर वरचे सगळे विवेचन बाजूला ठेवून आधी ती पुरी करावी. ‘डेटा सायन्समध्ये जायचे आहे, काय घेऊ?’ असे पुष्कळ जण विचारतात. रेषीय बीजगणित आणि संभाव्यता, असे माझे उत्तर आहे, आणि त्यानंतर कोणतेही एक असे प्रात्यक्षिक, जिथे आकडे स्वतः मोजून गोळा करावे लागतात.

आपल्याकडे वर्ग लहान असतात. पुरेशी मुले आली नाहीत म्हणून एखादा अभ्यासक्रम सुरूच होत नाही, किंवा त्याची वेळ दुसऱ्या विषयाच्या प्रात्यक्षिकाशी आदळते, आणि डिचोली-सत्तरीहून येणाऱ्या मुलीला शेवटच्या बसचाही विचार करावा लागतो. हे प्रश्न खरे आहेत आणि त्यांना कमी लेखू नये. पण त्यावर दोन गोष्टी करता येतात. एक म्हणजे नोंदणीपूर्वी चार-पाच जणांनी मिळून विभागप्रमुखांना भेटणे; मागणी आहे हे दिसले तर शिक्षक अनेकदा वाट काढतात. दुसरी म्हणजे ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन व्यासपीठावरचा अभ्यासक्रम श्रेयांकांसाठी घेण्याची मुभा, जी विद्यापीठाच्या नियमांत बसते का ते पाहावे. मात्र ‘स्वयम्’वर घ्यायचा तो एकट्याने जमेल असा विषय, आणि वर्गातली जागा सिद्धतांसाठी किंवा प्रयोगांसाठी राखावी.

गेल्या सत्रात माझ्याकडे दोन मैत्रिणी एकत्र आल्या होत्या, एक गणिताची आणि एक भौतिकशास्त्राची, आणि दोघींना एकच विषय घ्यायचा होता, कारण त्यांना बरोबर बसायचे होते. मी गणिताच्या मुलीला इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रात्यक्षिकासह असलेला अभ्यासक्रम सुचवला आणि भौतिकशास्त्राच्या मुलीला रिअल ॲनालिसिस. त्या थोड्या हिरमुसल्या. मग मी त्यांना सांगितले, की दर शनिवारी तासभर बसा, आणि प्रत्येकीने आपल्या आठवड्यातली एक गोष्ट दुसरीला पटवून द्या. पटली नाही तर सोमवारी वर्गात तीच विचारा. दुसऱ्याच शनिवारी गणिताच्या मुलीने कपॅसिटरच्या विद्युतभाराचा, मोजलेल्या बिंदूंमधून काढलेला घातांकी आलेख दाखवला, आणि भौतिकशास्त्राच्या मुलीने तिला विचारले, की इतक्या थोड्या बिंदूंवरून हा वक्र घातांकीच आहे हे कशावरून. उत्तर शोधायला त्यांना लॉगरिदमिक कागद घ्यावा लागला, प्रत्येक बिंदूला त्रुटीची रेघ काढावी लागली आणि शेवटी लघुतम वर्ग पद्धतीचा (मोजलेल्या बिंदूंना सर्वांत जुळणारी रेषा काढण्याच्या रीतीचा) धडा दोघींनी मिळून वाचला. तो धडा दोघींपैकी कोणाच्याही अभ्यासक्रमात नव्हता. यंदा त्यांनी नोंदणीच्या आठवड्यातच आपापल्या निवडीचे अर्ज भरले आहेत: पहिलीने थर्मोडायनॅमिक्स घेतले आहे, दुसरीने रेषीय बीजगणित.